नव्या माशाचा पहिला महिना

2003 साली ‘फाइंडिंग निमो’ आला आणि निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा एक मासा जगभरच्या मुलांना डोरी म्हणून माहीत झाला. त्याचं शास्त्रीय नाव पॅराकँथुरस हेपॅटस. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे लोक त्याला निळा टँग म्हणतात. दुकानात तो दिसतो तेव्हा बहुधा चार-पाच सेंटिमीटरचं पिल्लू असतो. तिथवर पोचण्याआधी त्याने काय सोसलंय हे समजल्याशिवाय पुढचा एकही निर्णय नीट घेता येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

या पिल्लांचं घर म्हणजे फांद्या फुटलेले प्रवाळ. भीती वाटली की ती त्या फांद्यांच्या आत शिरून अडकून बसतात. त्यामुळे त्यांना बाहेर काढण्यासाठी प्रवाळ फोडणं किंवा पाण्यात सोडियम सायनाइडची पिचकारी मारणं असले प्रकार होत आले. शोभेच्या माशांसाठी सायनाइड वापरण्याची सुरुवात 1960 च्या दशकात फिलिपिन्समध्ये झाली. जाळ्याने पकडलेला मासा असेल तरी पुढची वाट तीच असते: पकडणाऱ्याकडून गावातल्या दलालाकडे, तिथून निर्यातदाराच्या गोदामात, मग ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून विमानाने आयातदाराकडे आणि शेवटी दुकानात. पिशवीतलं पाणी कमी घाण व्हावं म्हणून पाठवण्याआधी माशाला एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. प्रवास अनेक टप्प्यांचा, त्यामुळे हा उपासही पुन्हा पुन्हा घडतो. जाळ्याच्या घासण्याने अंगावरचा बुळबुळीत थर ठिकठिकाणी निघालेला असतो. दुकानात पोचल्यावर तो ज्या पाण्यात पडतो, त्यात वेगवेगळ्या समुद्रांतून आलेल्या माशांचे रोग आधीच फिरत असतात, कारण बहुतेक दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून जातं.

असा भुकेला, थकलेला मासा घरी आणून थेट सजवलेल्या टाकीत सोडणं हा या छंदातला सगळ्यात महागात पडणारा उतावळेपणा आहे. नव्या माशाला निदान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावं, हे सगळेच सांगतात. पण ते सांगताना औषधांचीच चर्चा होते, आणि मला ते अपुरं वाटतं. वेगळ्या टाकीचं पहिलं काम माशाला खायला लावणं हे आहे. तिथे त्याला कुणी हुसकावत नाही, त्याचा प्रत्येक घास आपल्याला दिसतो, आणि खाणाऱ्या माशात उपचार सोसण्याची ताकद असते. न खाणाऱ्या माशावर केलेला उत्तम उपचारही वाया जाऊ शकतो.

रोगांबद्दल मात्र आधी बोलायला हवं, कारण महिनाभर कशासाठी थांबायचं याचं उत्तर एका परजीवीच्या आयुष्यक्रमात आहे. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरतो. मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात ते त्याचेच. तो माशावर साधारण तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की बाहेर पडतो, तळाला किंवा दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती कठीण कवच करून घेतो. त्या कवचाच्या आत तो विभागत जातो आणि एकापासून दोनशेच्या आसपास नवे पोहणारे जीव तयार होतात. कवच फुटायला कधी तीन दिवस लागतात, कधी चार आठवडे. 72 दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या जीवाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर तो मरतो.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. ठिपके आपोआप नाहीसे झाले की नवशिक्या माणसाला वाटतं, मासा बरा झाला. प्रत्यक्षात परजीवी पोट भरून खाली उतरलेला असतो आणि काही दिवसांनी शेकडोंच्या संख्येने परत येणार असतो. ठिपके, मग शांतता, मग दुप्पट ठिपके, मग मृत्यू, हा क्रम टाकी ठेवणाऱ्या कितीतरी लोकांनी पाहिलाय. मुख्य टाकीत हा रोग शिरला की सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे 76 दिवस माशांविना ठेवायची, असा सल्ला दिला जातो तो त्या 72 दिवसांच्या नोंदीवरूनच.

या जीवाची आणखी एक सवय विलक्षण आहे. तो माशाला सोडतो ते बहुतांशी अंधारात, आणि नवे जीव कवचातून बाहेर येतात तेही अंधारातच. प्रवाळाच्या खडकावर मासे रात्री ठरलेल्या कपारीत झोपायला येतात. परजीवी त्या कपारीतच गळून पडतो आणि त्याची पिल्लं बाहेर येतात तेव्हा मासा पुन्हा तिथेच झोपलेला असतो. अफाट समुद्रात यजमान गाठण्याची ही त्याची युक्ती. तरीही तिथे बहुतेक पिल्लांना मासा सापडत नाही, लाटा त्यांना वाहून नेतात. दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत मात्र चुकण्याला जागाच नाही. म्हणूनच समुद्रात क्वचित जाणवणारा हा रोग टाकीत सर्वनाश करतो. तो शास्त्राला नीट कळला तोही मत्स्यालयातूनच. ई. एम. ब्राऊन यांनी लंडनच्या मत्स्यालयातल्या माशांवरून 1951 साली त्याला आजचं नाव दिलं. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, जिथे आपल्यापैकी अनेकांनी आयुष्यातला पहिला जिवंत समुद्री मासा पाहिला.

याच ब्राऊन यांनी त्याआधी वीस वर्षं, 1931 मध्ये, दुसऱ्या आणि जास्त घातक परजीवीचं वर्णन केलं होतं. आज त्याला अमायलूडिनियम म्हणतात, आणि छंदातले लोक ‘वेल्वेट’. तो आधी कल्ल्यांवर बसतो. अंगावर सोनेरी-राखाडी धूळ दिसेपर्यंत अनेकदा मासा गेलेला असतो. धाप लागल्यासारखा श्वास, उजेड टाळणं, पाण्याच्या प्रवाहात तोंड घालून उभं राहणं, या खुणा दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. हे जीव हवेतल्या बारीक तुषारांतूनही एका टाकीतून दुसरीत जाऊ शकतात, म्हणून वेगळी टाकी मुख्य टाकीला खेटून ठेवू नये. दुसरी खोली उत्तम, नाहीतर निदान दहा फूट अंतर. जाळी, बादली, नळी हे सगळं त्या टाकीचं स्वतंत्र असावं, आणि आधी मुख्य टाकीचं काम उरकून मग हिच्यात हात घालावा.

टाकी साधी असली तरी चालते, किंबहुना साधीच हवी. लहान माशांना चाळीस ते ऐंशी लिटर पुरतात. तळाला वाळू नको, दगड नको: त्यांत परजीवीची कवचं दडतात, आणि तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर चुनखडीचा दगड ते शोषून घेतो. लपायला प्लंबिंगचे पीव्हीसी पाइप आणि एल्बो ठेवावेत. निळ्या टँगला तर ते हवेतच. नवीन असताना तो पाइपात आडवा होऊन पडून राहतो, कधी अगदी कुशीवर, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो मेलाय असंच वाटतं. कल्ले शांतपणे हलत असतील तर त्याला तसंच राहू द्यावं. वर झाकण हवं, कारण घाबरलेला समुद्री मासा उडी मारतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते फिल्टरकडे. कोऱ्या टाकीत अमोनिया पचवणारे जीवाणू नसतात, आणि माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया तर सतत बाहेर पडत असतो. म्हणून स्पंज फिल्टरचा स्पंज चार-एक आठवडे आधीपासून मुख्य टाकीच्या पाण्यात टाकून ठेवावा, म्हणजे त्यावर जीवाणूंची वस्ती होते. मासा आणायचा बेत ठरला की पहिलं काम हे. आयत्या वेळी कोरडा स्पंज लावला तर रोगाआधी अमोनियाच माशाला मारेल. विलगीकरणात मासे मरतात अशी तक्रार करून ते सोडून देणारे लोक मला भेटतात. चौकशी केली की बहुतेक वेळा गाडी या स्पंजापाशी येऊन थांबते.

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात हीटरपेक्षा गारव्याची चिंता जास्त. पाणी 25-26 अंशांच्या आसपास हवं, आणि एप्रिल-मे महिन्यांत ते सहज तिशी ओलांडतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि कल्ल्यांना आधीच इजा झालेल्या माशाला तोच कमी पडतो. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. आटलेल्या पाण्याची भर गोड्या आरओ पाण्यानेच घालायची, कारण वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागेच राहतं. वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. समुद्र जवळ आहे म्हणून किनाऱ्यावरचं पाणी भरून आणण्याचा मोह अनेकांना होतो. शहराजवळच्या पाण्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा झपाट्याने उतरतो. आरओ पाण्यात मरीन सॉल्ट कालवून केलेलं पाणीच भरवशाचं.

आता मासा घरी येतो तो क्षण. इथे जुन्या पुस्तकांतला एक सल्ला हानीचा ठरू शकतो. बारीक नळीने थेंब थेंब पाणी पिशवीत सोडून माशाला दोन-तीन तास नव्या पाण्याची सवय करायची, असं सांगितलं जातं. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला त्याने फारसा अपाय होत नाही. पण लांबच्या प्रवासातून आलेल्या बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पाणी थोडं आम्लधर्मी झालेलं असतं, आणि अशा पाण्यात साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पाण्याचा सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मासा त्या विषात जितका वेळ राहील तितकं त्याच्या कल्ल्यांचं नुकसान. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावं, मग उघडून मासा डब्याने किंवा हाताने अलगद टाकीत न्यावा. टँगच्या शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि बोटही कापतो, तेव्हा डबाच बरा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

मग खारटपणाचं काय? तो जुळवायचा असतो, पण टाकीच्या बाजूने. समुद्री माशाच्या रक्तात मीठ समुद्राच्या साधारण एक-तृतीयांश असतं. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर फेकतो. या कामाला ताकद लागते. कमी खारट पाण्यातून जास्त खारट पाण्यात एकदम टाकलं तर थकलेल्या माशावरचा हा भार अचानक वाढतो. बरीच दुकानं पाणी मुद्दाम कमी खारट ठेवतात. तेव्हा दुकानदाराला त्याच्या पाण्याची घनता विचारा, शक्य असेल तर स्वतः रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, आणि आपली वेगळी टाकी त्याच आकड्यावर तयार ठेवा. पुढे रोज 0.001 ते 0.002 असं वाढवत 1.025 पर्यंत यायचं. महिना हातात आहे, घाई कसली?

पहिल्या दिवशी दिवा मंद ठेवावा आणि काही तास माशाकडे कुणी फिरकू नये. खाणं संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी, आणि तेही चिमूटभर. माशाने तोंड लावलं नाही तर पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं नळीने काढून टाकावं. कुजणारं अन्न म्हणजे अमोनिया.

खाऊ घालण्याचं काम खरं इथून सुरू होतं, आणि त्यासाठी मासा समुद्रात काय खात होता हे माहीत हवं. टँग म्हटलं की शेवाळ, असं आपण धरून चालतो. पिवळा टँग खरोखरच दिवसभर दगडावरचं शेवाळ कुरतडतो. निळ्या टँगचा आहार मात्र मुख्यतः पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, आणि जोडीला शेवाळ. म्हणून त्याला पहिल्या दिवशी नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा दाखवून तो खात नाही अशी काळजी करण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे हलणारं काहीतरी हवं. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जीवाची अंडी हवा सोडलेल्या खारट, कोमट पाण्यात सुमारे चोवीस तासांत फुटतात आणि नारिंगी रंगाची वळवळणारी पिल्लं निघतात. ती ताजी असतानाच द्यावीत, कारण जन्मावेळचा पिवळा बलक काही तासांत संपतो आणि त्यासोबत पोषणही. पाण्यात हलणारा हा ठिपका पाहून भुकेलेल्या माशाची शिकारीची सवय जागी होते. एकदा तोंड उघडलं की पुढचं सोपं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून त्यात गोठवलेला मायसिस मिसळायचा. मायसिस हा कोलंबीसारखा दिसणारा बारीक जीव, आणि समुद्री माशाच्या खाण्यात याच्याइतका भरवशाचा पदार्थ मला दुसरा माहीत नाही. मोठ्या गोठवलेल्या आर्टेमियात बहुतेक पाणीच असतं. मासे तो आवडीने खातात, पण त्यावरच ठेवले तर पोट भरलेलं असूनही रोडावतात. याचं कारण चरबीच्या रसायनात आहे. गोड्या पाण्यातले पुष्कळ मासे साध्या वनस्पतिजन्य तेलापासून स्वतःला लागणारी लांब साखळीची ओमेगा-3 आम्लं बनवू शकतात. बहुतेक समुद्री माशांना ते जमत नाही, कारण समुद्रात त्यांना ती अन्नातून आयतीच मिळतात. म्हणून गोड्या पाण्यातल्या माशांचं खाणं त्यांना दीर्घकाळ पुरत नाही, आणि लायनफिशला जिवंत गोल्डफिश खाऊ घालणं तर सरळ चूक आहे. गोठवलेलं अन्न द्रवरूप जीवनसत्त्वांत आणि ओमेगा-3 च्या तेलात दहा मिनिटं भिजवून द्यावं.

किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी माणसाला इथे एक मोठा फायदा आहे: कोळणीच्या टोपलीत माशांच्या जेवणाची अर्धी सोय असते. ताजी कोलंबी किंवा करंदी, माकुल, तिसऱ्या, शिनाणे. मीठ-हळद न लावता स्वच्छ धुवायचं, बारीक चिरायचं, पातळ थरात गोठवायचं आणि रोज लागेल तेवढाच तुकडा मोडून घ्यायचा. गोठवल्याने बरेच परजीवी मरतात, म्हणून ताजं आणलं तरी थेट टाकीत टाकू नये. तारलीसारखा तेलकट मासा रोज नको, त्यात जीवनसत्त्व ब-1 नष्ट करणारं थायमिनेज असतं. शिंपल्यांतही ते असतं, म्हणून तिसऱ्या सुरुवातीला चालतील, कायमच्या नकोत.

पण त्या सुरुवातीसाठी तिसरीला तोड नाही. लांब चोचीचा कॉपरबँड बटरफ्लायफिश दुकानात सुंदर दिसतो आणि घरी येऊन उपाशी मरतो, अशी त्याची ख्याती आहे. समुद्रात तो दगडांच्या फटींतून किडे आणि बारीक जीव टिपतो, पाण्यात तरंगणारा गोठवलेला तुकडा त्याला अन्न वाटतच नाही. तिसरी उघडून अर्धी शिंपली तळाला ठेवली की त्याची चोच आपोआप आत जाते. काही दिवसांनी त्याच शिंपलीत मायसिस दाबून भरायचा. मग शिंपली रिकामी आणि मायसिस बाजूला. माशाला नवं अन्न शिकवायचं ते असं, ओळखीच्या अन्नाच्या आडून. नोरीचंही तसंच. सुशीसाठी मिळतो तो तेल-मीठ नसलेला नोरी पाइपच्या तुकड्याला रबराने बांधून तळाशी ठेवला तर टँगला तो दगडावरच्या शेवाळासारखा वाटतो. वरून चिमट्याने लटकवलेला तुकडा तो आठवडाभर दुर्लक्षित करील. दाणेदार खाणं सगळ्यात शेवटी, मायसिसच्या रसात भिजवून.

लहान टँगला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. लहान पोट, सतत पोहणं, आणि मागची उपासमार भरून काढायची असते. त्यामुळे पाणी लवकर खराब होतं; रोज अमोनिया मोजा आणि गरज पडेल तसं पंचवीस-तीस टक्के पाणी बदला. प्रगती मोजायची ती माशाच्या पाठीवरून. समोरून पाहिलं असता डोक्यामागचा भाग आत गेलेला, धार आल्यासारखा दिसत असेल तर स्नायू झिजलेत. तो भाग भरू लागला, पोट गोलसर झालं, विष्ठा घट्ट आणि अन्नाच्या रंगाची पडू लागली की समजावं, गाडी रुळावर आली. पांढरी, दोरीसारखी विष्ठा दिसली तर आतड्यात काहीतरी बिघाड आहे. लसणाचा रस लावला की काही मासे लवकर तोंड लावतात, हे पाहायला मिळतं. लसणाने पांढरे ठिपके बरे होतात याला मात्र आधार नाही.

मासा खातोय आणि ठिपके दिसले, तर काय करायचं? टँगसाठी माझी पहिली पसंती टाकी बदलण्याच्या पद्धतीला. परजीवी माशावरून उतरतो आणि त्याचं कवच लवकरात लवकर तीन दिवसांनी फुटतं. मग दर 72 तासांनी मासा पूर्ण कोरड्या, स्वच्छ केलेल्या दुसऱ्या टाकीत हलवायचा, पाणी नवं, साधनं नवी. मागची टाकी रिकामी करून कडक वाळवायची. असं चार वेळा केलं की माशावरचे सगळे परजीवी मागच्या टाक्यांत उतरून गेलेले असतात आणि एकालाही परत चढायची संधी मिळालेली नसते. औषध नाही, म्हणून भूक मरत नाही. ही युक्ती वेल्वेटवर आणि कल्ल्यांच्या कृमींवर चालत नाही.

वेल्वेटला तांबं लागतं. साधं आयनिक तांबं लिटरमागे 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, सलग दोन ते तीन आठवडे. थोडं खाली गेलं तर परजीवी जगतो, थोडं वर गेलं तर मासा मरतो. टेस्ट किटने रोज मोजता येत नसेल तर तांब्याला हात लावू नये. चिलेटेड प्रकारांची मात्रा वेगळी असते, ती बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच. औषध चालू असताना कार्बन फिल्टर आणि यूव्ही दिवा बंद. तांबं शंख, कोलंबी, खेकडे यांना मारतं, म्हणून ते मुख्य टाकीत कधीच जाऊ नये. ड्वार्फ एंजलसारख्या काही माशांनाही ते झेपत नाही. चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल चालतं, आणि क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट पापुद्रे सुटणाऱ्या ब्रूक्लिनेला रोगावर फॉर्मेलिन, तेही अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. एकाही खुणेशिवाय प्रत्येक नव्या माशाला तांबं द्यावं असं मानणारा एक मोठा गट आहे. मला ते पटत नाही. तांब्याने भूक मंदावते, आणि नुकत्याच आलेल्या माशाला नेमकी भूकच गमावून चालत नाही.

एका माशाच्या बाबतीत ही सगळी पद्धत अडते: मॅन्डरिन. निळ्या-नारिंगी नक्षीचा हा मासा दिवसभर दगडावरचे कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपत फिरतो, आणि उघड्या तळाच्या कोऱ्या टाकीत त्याला टिपायला काहीच नसतं. त्याच्या अंगावर जाड चिकट थर असल्याने पांढरे ठिपके त्याला सहसा होत नाहीत, पण तो ते दुसऱ्यांपर्यंत नेणारच नाही असं नाही. ज्यांची टाकी जुनी आणि कोपेपॉडांनी भरलेली नाही, त्यांनी हा मासा घेऊच नये, इतकं स्पष्ट सांगावंसं वाटतं.

हॅचरीत वाढलेला मासा घेतला तर निम्मी लढाई दुकानातच जिंकलेली असते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचं प्रजनन आपल्या देशात यशस्वी केलंय, आणि नवी मुंबईत ऐरोलीलाही समुद्री शोभेच्या माशांची हॅचरी उभी राहिली आहे. असे मासे जन्मापासून टाकीतलं अन्न खातात. निळा टँगही 2016 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आलं, तरी आपल्या दुकानांत दिसतात ते बहुतेक समुद्रातून पकडलेलेच. हॅचरीचा मासाही दुकानाच्या सामाईक पाण्यातून आला असेल, तर त्याचाही महिना चुकवू नये. आणि एक कायद्याची गोष्ट: खडक बनवणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. दुकानदार कितीही आग्रह करो, ते विकत घ्यायचे नाहीत.

महिना संपला, शेवटचे दोन आठवडे एकही खूण दिसली नाही, मासा तीन-चार प्रकारचं अन्न खातोय, तर तो मुख्य टाकीत जायला तयार आहे. दोन्हीकडचा खारटपणा एक करा, दिवे बंद करून सोडा, किंवा भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात दोन-तीन दिवस ठेवून जुन्या माशांना त्याची ओळख होऊ द्या. जे अन्न तो वेगळ्या टाकीत खात होता, तेच पहिला आठवडा द्या, आणि टाकीच्या दोन टोकांना टाका, म्हणजे दांडगे मासे एका बाजूला गुंतलेले असताना त्याला दुसऱ्या बाजूला खाता येईल.

निळा टँग पुढे तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला निदान सहा फुटांची टाकी लागते, हेही आधीच मोजून ठेवा. दुकानात गेलात की पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा, माझ्यासमोर याला खायला घाला. मासा पुढे येऊन खात नसेल, तर तो कितीही आवडला तरी त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. आणि घरात वेगळ्या टाकीला जागा नसेल, तर ती होईपर्यंत नवा मासा घेऊ नका.